एडक्याच्या पाठीवरची गोगलगाय

दाजी,

तुमचा एडका आता माझ्या बारामतीच्या घरी जिन्याखाली उभा आहे. तुमच्या तेराव्यानंतर अक्कानं तो मला दिला आणि गोधडीत गुंडाळून, पिकअपमध्ये आडवा घालून मी तो नरसिंहपुराहून इथं आणला. घरात येणारा प्रत्येक जण चपला काढता काढता त्याच्याकडं बघतो आणि विचारतो, "ही सायकल कुठली हो?" हा प्रश्न लोकांनी तुम्हाला जन्मभर विचारला. तुम्ही दर वेळी हातातला ब्रश खाली ठेवून पहिल्यापासून सगळं सांगायचात. मला विचारला, की मी चहाचं बघतो म्हणून आत जातो.

माझ्या घरच्यांना याचं नवल वाटतंय. वाटणारच. मी विमा विकणारा माणूस. धडधाकट माणसाला त्याच्या मरणाबद्दल अर्धा तास ऐकवायचं आणि वर हसवतही ठेवायचं, यावर माझं घर चालतं. आपल्या दोन्ही घरांत लग्न असो, बारसं असो, जेवणं उरकली की कुणीतरी म्हणणारच, "बाळू, एडक्याची गोष्ट होऊ दे." मी थोडे आढेवेढे घ्यायचो, तेही सवयीचे, आणि उठायचो. तुम्ही समोरच बसलेले असायचात, निमगावच्या पानाला चुना लावत.

माझी गोष्ट अशी असायची. एक गोरा साहेब सायकलवरनं जग बघायला निघतो आणि नेमका नरसिंहपुरात तापानं आडवा होतो. आमच्या दाजींचे वडील, तात्या, त्याला घरी आणतात. साहेब बरा होतो, जातो, सायकल मात्र ठेवून जातो. तिचं हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं, म्हणून गाव तिला एडका म्हणतं. आता एवढा जग फिरणारा साहेब, त्याच्या सायकलीवर चित्र कशाचं असावं? घोड्याचं? गरुडाचं? तर आमचे दाजी म्हणतात, गोगलगायीचं. आणि त्या गोगलगायीच्या पाठीवर शंख नाही, वळकटी. इथं मी थांबायचो. मंडप हसायचा. मग हळूच म्हणायचो, "साहेब घरनं निघाला तवा बिनमिशीचा हुता म्हणं. नरसिंगपुरात पोचंस्तवर दाढी गुडघ्याला." पुन्हा हसायचे. आणि शेवट ठरलेला. "खरं एवढंच, की तात्यांनी एडका सोलापूरच्या भंगारातनं आणला. बाकीचं आमच्या दाजींनी रंगवलं. पेंटरच ते."

तुम्हीही हसायचात. हसणं ओसरत आलं की शेजारच्या माणसाला म्हणायचात, "गोगलगाय हुती बरं का." तोवर तो माणूस हात धुवायला उठलेला असायचा.

तुमची गोष्ट तुम्ही शंभरदा सांगितलीत. मी ती नीट ऐकली एकदाच. अक्काच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला वडिलांबरोबर मी तिला न्यायला आलो होतो, आठवीत असेन. तुम्ही मला नीरा-भीमेच्या संगमावर नेलंत आणि घाटाची एक पायरी दाखवलीत. म्हणालात, "ह्या पायरीवर पडला हुता बघ त्यो. पाय भाजल्यावानी लालभडक." तो आला तेव्हा तुम्ही सहा-सात वर्षांचे. तात्यांनी त्याला बैलगाडीत घालून वस्तीवर आणला. तुमच्या आईनं पंधरा-वीस दिवस त्याला कण्या आणि ताक पाजलं. त्याची भाषा कुणाला कळत नव्हती आणि आपली त्याला. तुम्ही त्याच्या खाटेपाशी बसून राहायचात. एकदा त्यानं तुम्हाला सायकलीपाशी नेलं, तुमचं बोट धरलं आणि सीटच्या पुढं, आडव्या नळीवरच्या त्या चित्रावरनं फिरवलं. आधी दोन शिंगं, मग पाठ, मग वळकटी. मग स्वतःकडं बोट दाखवून तो हसला. "म्हंजी म्हणत हुता, ही मी हाय," तुम्ही मला म्हणालात. "सावकाश जाणारा."

पुढं तो एका ट्रकमधनं पुण्याकडं गेला. जाताना त्यानं सायकलीवर हात ठेवला, मग जमिनीकडं बोट केलं, मग रस्त्याकडं. तात्यांनी त्याचा अर्थ लावला, परत येतो. तो आला नाही. तात्यांनी एडका गोठ्याच्या आढ्याला टांगला. काही वर्षांनी खाली घेतला, कारण लोखंड टांगून ठेवलं तर गंजतं आणि वापरलं तर जगतं असं त्यांचं मत. त्यावर दुधाच्या किटल्या लावून ते बावड्याला जायला लागले. पण मरायच्या आधी त्यांनी तुम्हाला बजावलं होतं, "ठेव हाय ती. मालक आला तर द्यायची." हे वाक्य माझ्या गोष्टीत कधीच नव्हतं. त्यानं हसू आलं नसतं.

आणि तात्यांनीच, बिचाऱ्यांनी प्रेमानं, त्या ठेवीची ओळख पुसायला सुरुवात केली. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून झाली की डब्यात रंग उरायचा. तात्या म्हणायचे, वरीसभर हा पण राबलाय. मग एडक्याची शिंगं रंगवायची, त्यांना गोंडे बांधायचे, आणि उरलेला रंग अंगावर. एका वर्षी लाल, एका वर्षी हिरवा, एका वर्षी कारखान्यावरच्या कुणी दिलेला चंदेरी. शेवटी पुरणपोळीचा तुकडा हँडलला लावायचा. त्या रंगांखाली गोगलगाय कधी गेली हे तुम्हालाही आठवत नव्हतं. तुम्ही पुढं पेंटर झालात, निम्म्या इंदापूर तालुक्याच्या ट्रॉल्यांवर नावं घातलीत, पण त्या नळीवरचा रंग तुम्ही कधी खरवडला नाहीत. मी एकदा चिडवलं होतं, "खरवडून दाखवा की, असली तर." तुम्ही म्हणालात, "तात्यांचा हात हाय त्यावर. आन् खाली न्हाय निघाली तर?"

इथवर लिहून मी दोन दिवस थांबलो होतो. पुढचं लिहायचं म्हणजे अंगठ्याबद्दल लिहावं लागणार.

तुमच्या साठीचा कार्यक्रम आम्ही मेव्हण्यांनी मनावर घेतला होता. खरं तर मी एकट्यानंच. फ्लेक्सनं पेंटरांची कामं खाल्ली होती, तुमचा हातही थोडा कापायला लागला होता, आणि मला वाटलं तुम्हाला काहीतरी थाटाचं द्यावं. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावून तिला भेट म्हणायचं, ही कल्पना मलाच सुचू शकते. इंदापूरच्या सायकलवाल्या रज्जाकभाईंकडं ब्रेकचं काम आहे असं सांगून मी एडका उचलला आणि बारामतीला एमआयडीसीत पावडर कोटिंगवाल्याकडं नेला. तिथं मोहन नावाचा कारागीर होता, माझ्याच वयाचा, मिशा पिकलेला. त्यानं नळ्यांना रंग काढायचं केमिकल लावलं आणि पत्र्याच्या पट्टीनं खरवडायला सुरुवात केली. एकेका पोळ्याचा रंग सोलून खाली पडत होता. मी खुर्चीवर बसून फेटेवाल्याशी फोनवर भांडत होतो.

मोहन म्हणाला, "साहेब, हितं काय तरी हाय. ठिवायचं का?"

मी फोन कानाला धरूनच वाकलो. सगळ्या रंगांच्या तळाशी फिकट निळा रंग होता, ढगाळ दिवसासारखा. त्यावर सोनेरी, तिरकी, बारीक अक्षरं. आणि अक्षरांच्या शेवटी केमिकलनं माखलेला एक ठिपका. तो मी अंगठ्यानं पुसला.

दाजी, दोन शिंगं होती. पाठ होती. पाठीवर शंख नव्हता. वळकटी होती, तिला बांधलेला पट्टासुद्धा होता. चिंचोक्याएवढं चित्र.

मोहन वाट बघत उभा होता. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम होता, घाई होती, केमिकलनं अंगठा जळत होता, ही सगळी कारणं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितली आहेत. विमेवाला आहे, कारणं छान सांगतो. खरं असं, की त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढं मंडप आला. दोनशे पाहुणे, मधोमध एडका, त्याच्यावर गोगलगाय, आणि माईक हातात घेतलेला मी. पंचवीस वर्षं ज्या माणसाला थापाड्या ठरवून मी लोकांना हसवत आलो तो खरा निघाला होता, आणि आता हसायची पाळी कुणावर येणार हे मला स्वच्छ दिसलं. मी मोहनला म्हणालो, "काढ सगळं. एकदम कोरी पाहिजे." त्यानं पुन्हा विचारलं नाही. मशिन सुरू झालं, वाळूचा मारा बसला आणि नळी पांढरी पडली. ती अक्षरं मी वाचलीसुद्धा नव्हती.

मंडपात तुम्ही मरून रंगाच्या त्या लखलखत्या एडक्याभोवती एक फेरी मारलीत. सीटच्या पुढं, त्या जागेवर, नुसतं बोट ठेवलंत. "झ्याक केलीस, बाळू," म्हणालात. मग माझा हात बघितलात. "अंगठ्याला काय झालं रं?"

"च्या सांडला, दाजी."

तुम्ही चाळीस वर्षं रंग काढणारं केमिकल हाताळलेलं. त्यानं सोललेलं कातडं आणि चहानं भाजलेलं कातडं यातला फरक तुम्हाला सांगायला पाहिजे होता का? पण तेव्हा मला ते सुचलं नाही. मी माईक घेतला आणि गोष्ट सांगितली. नेहमीसारखीच, शेवटासकट.

खरी गंमत पुढं झाली, म्हणजे गंमत म्हणायची. कार्यक्रमाचा फोटो कुणीतरी जुन्या सायकलींच्या नादिष्टांच्या ग्रुपवर टाकला आणि पुण्यातल्या एका गृहस्थांचा फोन आला. म्हणाले, ही लांबच्या प्रवासाची सायकल आहे, बाहेरची, मधला कप खोलून बघा म्हणजे देश कळेल. तुमचं वय एका दिवसात वीस वर्षांनी उतरलं. सकाळी सहाला मला फोन, "बाळू, इंदापूरला ये. रज्जाकभाई वाट बघत्यात."

स्टँडजवळच्या त्या दुकानात तुम्ही, मी आणि रज्जाकभाई. एडका उलटा करून ठेवलेला. पायडलच्या धुरीच्या दोन्ही बाजूंना जे कप असतात, त्यातला उजवा खोलायचा होता. रज्जाकभाई म्हणाले, आपल्याकडच्या सायकलीला हा कप उलट्या आट्याचा असतो. पान्याला पाईप लावून ते लोंबकळले. कप जागचा हलेना, उलट अजून आवळत चालला.

"सुलटा फिरवून बघा की," तुम्ही म्हणालात.

"पेंटर, पन्नास वर्सं सायकली खोलतोय मी."

"मी कुठं न्हाय म्हणतोय. एक डाव माझ्यासाठी."

सुलटा फिरवला आणि कप लोण्यातनं सुरी काढावी तसा निघाला. रज्जाकभाई खालीच बसले. म्हणाले, "ही हिकडची न्हाय. इंग्लंडची बी न्हाय, कारण आपली समदी त्यांचीच नक्कल." मग त्यांना एकेक आठवायला लागलं. तात्यांनी पायडल बदलायला आणलं, तेव्हा इथलं पायडल बसेना म्हणून त्यांच्या अब्बांनी नवे आटे पाडले होते. हँडल काढून घातलं तेव्हा दुसरा दांडा जाईना, तो कानशीनं घासला होता, केसभरच. "आमच्या अब्बांना वाटायचं, बनवणाऱ्यानं माप चुकवलंय," रज्जाकभाई म्हणाले. "चुकलेलं न्हवतं. त्येचं मापच येगळं हुतं."

तुम्ही पुण्याला फोन लावलात, स्पीकरवर. ते गृहस्थ म्हणाले, बहुधा फ्रान्स. मग म्हणाले, "पण तिकडं गावोगावी छोटे कारागीर होते, एकेक सायकल हातानं करणारे. कुणाची, ते नावावरनंच कळेल. कधी मालकाचं नावही घालत. मूळ रंग राहिलाय का? त्याच्याखाली काही अक्षरं, काही चित्र?"

तुम्ही माझ्याकडं वळलात. फोन चालूच होता. रज्जाकभाई रॉकेलच्या वाटीत छर्रे धूत होते, त्यांचाही हात थांबला.

"बाळू, तू रंग काढून घेतलास तवा खाली काय दिसलं हुतं का रं?"

किती सोपं होतं, दाजी. एक व्हय म्हणायचं होतं. तुम्ही मला चार शिव्या दिल्या असत्या, महिनाभर बोलला नसता, आणि मग आपण दोघांनी मिळून मोहनला गाठलं असतं, त्याला अक्षरं आठवायला लावली असती. कदाचित त्याला तेव्हा एखादं आठवलंही असतं. मी म्हणालो, "काय न्हाय, दाजी. नुसता गंज."

तुम्ही माझ्या अंगठ्याकडं बघितलंत. तो केव्हाच बरा झाला होता.

"बरं, पावणं," म्हणालात.

मी तुमच्या बायकोचा भाऊ, पाहुणा लागतोच. पण त्याआधी इतक्या वर्षांत तुम्ही मला पावणं म्हटल्याचं मला आठवत नाही. आणि त्यानंतर बाळू म्हटल्याचं आठवत नाही. हे मी तुम्ही गेल्यावर जुळवलं. तेव्हा मला वाटलं, वय झालं, मान द्यायला लागले.

पुढच्या पोळ्याला मी आलो, तर तुम्ही एडक्याची शिंगं रंगवली होतीत. कापत्या हातानं, पण रेघ सरळ. आणि सीटच्या पुढं, आडव्या नळीवर, एक सोनेरी चौकट काढली होतीत. चिंचोका मावेल एवढी. आत काही नाही. मी काय करावं? विनोद केला. "दाजी, ही जागा पॉलिसी चिकटवायला ठेवली काय?"

घरातले हसले. तुम्ही ब्रश पुसत होतात. "ऱ्हाऊ द्या, पावणं," म्हणालात. "पेंटरनं समदंच भरायचं नसतं."

ती चौकट मी पाच वर्षं बघत होतो. दर भाऊबीजेला, दर पोळ्याला.

तुमच्या छातीचं दुखणं वाढलं तेव्हा मी ठरवून निघालो होतो. बारामतीपासून लासुर्णे, निमगाव, इंदापूर, बावडा, प्रत्येक फाट्यावर वाक्य जुळवत होतो. उसाच्या ट्रॉल्या पुढं लागत होत्या आणि त्यातल्या जुन्यांवर अजून तुमचं अक्षर होतं. ओव्हरटेक करायला मन होईना. घरी पोचलो तर पाहुण्यांनी पडवी भरलेली, तुम्ही खाटेवर उशांना टेकून. तुमचे थोरले चुलतभाऊ म्हणाले, "आला का बाळू. बरं झालं. जरा हसव ह्येला. एडक्याची गोष्ट सांग."

मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही मान हलवलीत, सांगा.

आणि मी सांगितली. तीच. गोरा साहेब, ताप, वळकटी, गुडघ्याएवढी दाढी. भंगारसुद्धा सांगितलं. लोक हसले, तुम्हीही हसलात, मग हसण्याचा खोकला झाला आणि अक्कानं पाठ चोळली. मी उठलो तेव्हा तुम्ही माझा हात धरलात, अंगठ्यासकट. "गोष्ट झ्याक सांगता, पावणं. शेवट तेवढा ऱ्हायलाय."

मला वाटलं, भ्रमात बोलताय. म्हणालो, "पुढच्या बारीला सांगतो." चार दिवसांनी सकाळी अक्काचा फोन आला.

तेराव्याचं गोड जेवण झालं, पाहुणे पांगले, तेव्हा अक्का मला गोठ्याकडं घेऊन गेली. एडका भिंतीला लावलेला. माझी बहीण माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. तिनं मला कडेवर घेतलंय, तिच्यापुढं मला विमा कधी विकता आला नाही.

ती म्हणाली, "ते गेलते एमआयडीसीत. रज्जाकभाईकडनं आल्यावर दुसऱ्याच दिशी, यष्टीनं. त्या मोहनला भेटले. त्यो म्हणला, अक्षरं हुती, मला वाचाय येत न्हवती. शेवटाला चित्र हुतं, ते साहेबांनी अंगठ्यानं पुसून बघितलं. मग म्हणले, काढ."

मी अंगठा मुठीत मिटला.

"घरी आलं आन् जेवलं न्हाईत. म्या म्हणलं, इचारा की त्याला. तर म्हणले, इचारून काय उपेग, सांगंल त्यो. म्या म्हणलं, न्हाय सांगितलं तर? म्हणले, जागा करून ठिवतो." अक्का थोडा वेळ एडक्याकडं बघत राहिली. "पाच वर्सं दिली तुला त्यांनी. मला लई राग यायचा, बाळू. भाऊबीजेला ववाळायची मी तुला, तवा बी आतनं राग असायचा."

"अजून हाय?"

"हाय की." तिनं पदरानं सीटवरची धूळ पुसली. मग कोनाड्यातनं एक फडकं काढलं. त्यात बारीक ब्रश होता, धुऊन, केस सरळ करून ठेवलेला, आणि सोनेरी रंगाची छोटी डबी. "जायाच्या आदल्या दिशी म्हणले, एडका बाळूकडं दे. आन् ह्ये पण दे."

"काय म्हणले? पावण्याकडं?"

"बाळूकडं म्हणले."

दाजी, मी तिथं रडलो नाही. मला रडायचा अधिकार आहे असं वाटलं नाही. पिकअपमध्ये बावड्यापर्यंत आलो, तिथं ड्रायव्हर चहाला थांबला, तेव्हा रडलो.

आता उरलेलं सांगतो. डबीवर साय धरली होती, काडीनं फोडली. चष्मा लावला, दुसरा चष्मा लावला, दम धरला. तुम्ही तालुक्याच्या ट्रॉल्या एका हातानं रंगवल्यात. मला चिंचोक्याएवढ्या चौकटीत एक गोगलगाय जमेना. पहिली गाढवासारखी झाली, ती रॉकेलनं पुसली. दुसरी बरी आहे. एक शिंग लांब झालंय, वळकटीचा पट्टा चौकटीबाहेर गेलाय. बायको म्हणाली, "हे काय, ओझ्याचा बैल का?" पण दोन शिंगं आहेत, पाठ आहे, आणि शंख नाही. तुम्ही डोळे मिटून काढली असतीत तर शंभरपट चांगली निघाली असती. मूळ चित्र तुमच्या बोटाला पाठ होतं. तरी तुम्ही ती जागा कोरी ठेवलीत. तुम्ही काढलेली गोगलगाय म्हणजे पुन्हा पेंटरनं रंगवलेलीच झाली असती.

अक्षरं मात्र गेली. त्यांच्यासाठी मी रोज डोळे मिटून बसतो. तिरकी होती, सोनेरी होती, एवढंच येतं. कारागिराचं नाव होतं की त्या तापानं पडलेल्या माणसाचं, कुठल्या गावचं, तिथं कुणी त्याची वाट बघत होतं का, तात्यांची ठेव कुणाच्या दारात नेऊन द्यायची होती, हे आता कुणालाच कळणार नाही. पुण्याच्या गृहस्थांना मी सगळं कबूल करून सांगितलं. ते म्हणाले, "फ्रान्सच्या पुढं आता जाता येणार नाही." मी म्हणालो, माहीत आहे. ती वाट मीच बुजवली.

मला हे तुमच्यापुढं, मंडपात, माईकवर सांगायचं होतं. नाहीतर निदान पडवीत. ते गेलं ते गेलं. आता दिवाळीला सगळे जमतील, कुणीतरी गोष्ट सांग म्हणेल, तेव्हा मी सांगेन, भंगाराशिवाय. ती ऐकायला तुम्ही पान लावत समोर बसलेले नसाल, आणि मग ती मी कुणाकडं बघून सांगायची हे मला अजून कळलेलं नाही.

आज सकाळी दूधवाला पैशासाठी आत आला होता. चपला काढता काढता म्हणाला, "ही सायकल कुठली हो?"

मी आत गेलो नाही. जिन्याच्या पायरीवर बसलो आणि त्याला पहिल्यापासून सांगितलं. संगमावरची पायरी, लालभडक पाय, कण्या आणि ताक, तात्यांची ठेव. मोहन सांगितला, अंगठा सांगितला, रज्जाकभाईंच्या दुकानातलं माझं उत्तर सांगितलं. त्याला उशीर होत होता, तरी उभा राहिला. हसला नाही. शेवटी वाकून त्यानं ती चौकट बघितली आणि म्हणाला, "पण खरंच हुती व्हय, गोगलगाय?"

"हुती," मी म्हणालो. "मी बघितलीया."